बदाम आला म्हणून खेळी बरोबर ठरत नाही: बुद्धिबळ आणि पोकरमधल्या या चुका टाळा

गणपतीला कोकणात घर भरलं की पडवीत एकीकडे बुद्धिबळाचा पट मांडला जातो, दुसरीकडे पत्ते पिसले जातात. मुंबईहून आलेली पोरं हल्ली रमी सोडून पोकर मांडतात. खेळ बदलले तरी चुका त्याच आहेत. बहुतेकांचं मूळही एकच: निकाल बघून खेळीला मार्क द्यायचे.

निकालावरून खेळी जोखणं

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या पडवीत पोकर चिंचोक्यांवर चालतो. एका रात्री पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमलेल्या ढिगात, ५० चिंचोके होते, टेबलावर चार पत्ते उघडे आणि शेवटचा यायचा बाकी. शेजारच्या आजोबांकडे एक्क्यांची जोडी होती. त्यांनी ५० लावले. माझ्या भाच्याकडे हातातले दोन आणि टेबलावरचे दोन मिळून चार बदाम होते. पाचवा आला तर फ्लश, म्हणजे जोडीला हरवणारे एकाच जातीचे पाच पत्ते, नाही तर काहीच नाही. त्याने क्षणभरही विचार न करता ५० टाकले. बदाम आला आणि पडवीत टाळ्या पडल्या. "मामा, बघितलंस ना?"

बघितलं, आणि लगेच हिशेब मांडून दाखवला. ५२ पत्त्यांतले त्याचे दोन आणि टेबलावरचे चार वजा केले की ४६ न दिसलेले पत्ते उरतात. त्यात बदाम ९, बाकीचे ३७. बदाम आला तर पॉटचे ५० आणि आजोबांचे ५० असे १०० चिंचोके मिळणार, नाही तर ५० जाणार. ही खेळी ४६ वेळा केली आणि प्रत्येक पत्ता एकेकदा आला असं धरलं, तर ९०० मिळतात आणि १८५० जातात. म्हणजे दर खेपेला सरासरी वीसपेक्षा जास्त चिंचोक्यांचा तोटा. पॉटमध्ये ५० ऐवजी २०० असते तर गोष्ट वेगळी होती. ५० टाकून २५० मिळणार, म्हणजे २२५० विरुद्ध १८५०. तेव्हा तीच खेळी बरोबर ठरली असती. पत्ते तेच, बदामाची शक्यताही तीच, फरक फक्त समोर किती पडलं आहे याचा.

पण मला जास्त वाईट वाटलं ते आजोबांचं. त्यांनी बरोबर खेळी केली होती: समोरच्याला महाग पडेल एवढे लावले होते. तरी हरल्यावर म्हणाले, "माका पत्तेच गावनत नाय," आणि उरलेली रात्र चांगल्या पत्त्यांवरही हात आखडून बसले. एका बदामाने दोन माणसांना उलटा धडा दिला. भरतीची वेळ न बघता खाडीत उतरलेला माणूस एकदा पार पोचला, म्हणून ती वेळ उतरायची होत नाही.

माझी सवय अशी: डाव वहीत लिहायचा, पण फक्त निर्णयापर्यंत. हातातले पत्ते, टेबलावरचे पत्ते, पॉट, समोरच्याने किती लावले. पुढे काय आलं ते लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळी तिथे नसलेल्या माणसाला विचारायचं, "तू काय केलं असतंस?" उतावळ्या पोरांना याचा कंटाळा येतो. त्यांना अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत पोकर शिकायचा असतो. तसा तो येत नाही.

समोरच्याची चूक म्हणजे आपलं नशीब, असं म्हणणं

१२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेश चीनच्या डिंग लिरेनला हरवून बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, तेव्हा हेच ऐकू आलं: "डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला, पोराचं नशीब." मला याचा राग येतो. चौदावा आणि शेवटचा डाव, गुण ६.५–६.५. गुकेशकडे फक्त एक प्यादं जास्त होतं आणि डाव बरोबरीकडे चालला होता. कितीतरी जणांनी तिथे हात मिळवला असता. तो खेळत राहिला, डिंगला एकेक अवघड निर्णय घ्यायला लावत राहिला. डिंगकडे वेळ कमी होता. ५५व्या खेळीला चूक झाली, आणि गुकेशने हत्ती मारून लगेच उंटही बदलायला लावला. ती चूक होईपर्यंत टिकून खेळणं हेच कौशल्य.

चार खेळ्यांत मात करण्यावर विसंबणं

वजीर आणि उंट मिळून चौथ्या खेळीला एफ ७ वर मात द्यायची, या युक्तीत मात्र खरंच समोरचा शिकलेला नाही यावर सगळी मदार असते. पांढऱ्याचा वजीर एच ५ ला आला आणि काळ्याचा घोडा आधीच सी ६ वर असला, की जी ७ वरचं प्यादं एक घर पुढे केलं तरी धमकी संपते. वजीर एफ ३ ला गेला तर दुसरा घोडा एफ ६ वर. आता पळत फिरायची पाळी वजिराची. पहिल्या दोन फेऱ्या अशा जिंकून पुढे सलग हरणारी मुलं मी प्रत्येक स्पर्धेत पाहतो, आणि त्यांचे पालक प्रतिस्पर्धी अवघड मिळाला म्हणून पंचांशी भांडत असतात.

एका रात्रीवरून स्वतःला ओळखणं

पोकरमध्ये हातात दोन एक्के असले तरी कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध शंभरात साधारण १५ वेळा हार होते. बुद्धिबळात मानांकन २०० गुणांनी जास्त असलेल्या खेळाडूकडून चार डावांत साधारण तीन गुणांची अपेक्षा असते, चारची नाही. म्हणून एका रात्रीच्या हार-जितीवरून आपण चांगले की वाईट ते ठरवू नका.

"कौशल्याचा खेळ आहे" म्हणून पैसे लावणं

रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं, ते अनेकांना पाठ असतं. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले, हे त्यांना सांगावं लागतं. आणि कॅसिनोत पोकर खेळताना पॉटमधून कॅसिनोचा कट जातो. समोरच्यांपेक्षा थोडं बरं खेळून तिथे भागत नाही.

डाव संपताच इंजिन लावणं

इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या खेळ्या तपासणारा प्रोग्राम, चूक दाखवतं, ती तुम्ही का केलीत ते सांगत नाही. आधी आपल्याला डाव कुठे फिरला असं वाटतं ते पेनाने लिहा. जिंकलेला डाव असेल तर समोरच्याची सगळ्यात चांगली खेळी स्वतः शोधा. मगच मोबाइल हातात घ्या.