दुर्मिळ क्राफ्ट बिअरच्या शोधात पुण्यात फिरताना या चुका टाळा

२००९ साली पुण्यातील कोरिन्थियन्स क्लबमध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारे ठिकाण) सुरू झाली, तेव्हा बाटलीबंद लागर, म्हणजे नेहमीची फिकट, हलकी बिअर, सोडून दुसरी बिअर शहरात शोधून सापडत नसे. आता मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी या भागांत फिरले की फळ्यावर खडूने लिहिलेली पाच-सहा बिअरची नावे सहज दिसतात. पर्याय वाढले तसे हौशी शोधणारेही वाढले आणि त्यांच्या तक्रारीही. जिच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे ती बिअर नेमकी संपलेली असते, मिळाली तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गत होते, आणि पैसे भरून टेस्टिंगला जावे तर तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्या चवी सारख्याच लागू लागतात. यांतील बऱ्याच तक्रारी थोड्या माहितीने टळण्यासारख्या आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे क्राफ्ट बिअरला मेन्यूकार्डावरचा कायमचा पदार्थ समजणे. मायक्रोब्रुअरीत बिअर टाकी-टाकीने तयार होते. एल प्रकारच्या बिअरला साधारण दोन आठवडे लागतात, तर नीट मुरवलेल्या लागरला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. हेफेवाइझन किंवा बेल्जियन विट या गव्हाच्या बिअरसारख्या खपाच्या प्रकारांसाठी टाक्या राखून ठेवलेल्या असतात. ब्रूमास्टरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या प्रमुखाच्या, मनातल्या प्रयोगाच्या वाट्याला मात्र एखादीच टाकी येते, आणि ती संपली की पुन्हा कधी भरेल हे तोही सांगू शकत नाही. म्हणून दुर्मिळ बिअर ‘कुठे’ मिळते यापेक्षा ‘कधी’ मिळते हे आधी विचारावे. हापूसची बिअर जुलैत आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची बिअर ऑगस्टमध्ये मागणाऱ्याला ती मिळालीच, तर ती ताज्या फळाची असण्याची शक्यता कमी. नवी टाकी उघडल्याची खबर बहुतेक ठिकाणी इन्स्टाग्रामवर येते. ती वाचून शनिवारच्या गर्दीची वाट पाहण्यापेक्षा मंगळवार-बुधवारी जावे. बिअरही शिल्लक असते आणि ती बनवणाऱ्याला बोलायला वेळही असतो.

अनटॅप्ड या ॲपवरील गुण पाहून ठिकाण ठरवणारे अनेक आहेत. त्या गुणांचा फारसा उपयोग नाही, कारण जगभर असे गुण देणाऱ्यांचा कल कडक, गोड आणि सहसा न मिळणाऱ्या बिअरकडे झुकलेला असतो. उत्तम, स्वच्छ पिल्सनरला (लागरचा एक प्रकार) तिथे मध्यम गुण पडतात आणि चॉकलेट घातलेला सामान्य स्टाउट, म्हणजे काळपट, जड बिअर, भाव खाऊन जातो. त्याच ॲपवर शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे हे मात्र अवश्य पाहावे. कालची नोंद असेल तर बिअर अजून टॅपवर असावी, आणि दोन महिन्यांत कोणीच नोंद केलेली नसेल तर निघण्यापूर्वी फोन करावा.

परदेशी याद्या हातात घेऊन शोधाला निघणे ही वेगळ्या प्रकारची चूक आहे. अमेरिकेतील वा बेल्जियममधील दुर्मिळ बिअरच्या यादीत बहुधा व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेले बारा-तेरा टक्क्यांचे इम्पीरियल स्टाउट असतात, किंवा वेस्टव्लेटरेन १२ सारखी, १०.२ टक्के अल्कोहोलची, मठातील साधूंनी बनवलेली बिअर असते. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार बिअरमधील अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंतच असू शकते आणि ५ टक्क्यांच्या वरची बिअर ‘स्ट्राँग’ गणली जाते. त्यामुळे त्या जातीचा स्टाउट पुण्यातील कोणत्याही फळ्यावर दिसणार नाही, आणि दिसलाच तर तो नावापुरता ‘इम्पीरियल’ असेल. इथले खरे वैशिष्ट्य कमी अल्कोहोलच्या, स्थानिक जिन्नस वापरून केलेल्या बिअरमध्ये आहे. कोकम घालून केलेली आंबट आणि किंचित खारट गोझे, तांदळामुळे हलकी झालेली ब्लाँड, गुळाचा वास येणारी गडद एल अशा बिअर म्युनिचमध्ये मिळणार नाहीत, आणि माझ्या मते पुण्यात राहून शोधण्याच्या त्याच आहेत. परदेशातून येणाऱ्या आप्तांकडून बिअर मागवायचीच असेल, तर शुल्काशिवाय माणशी २ लिटर मद्य आणता येते हे लक्षात ठेवावे. ३३० मिलिचे सहा कॅन म्हणजे १,९८० मिलि होतात; सातवा कॅन मागू नये.

मीड आणि सायडर यांना बिअर समजण्याचा घोळही नेहमीचा आहे. २०१८ पासून पुण्याच्या मूनशाइन मीडरीने मीड हा प्रकार इथे रुळवला. मीड मधापासून बनते आणि सायडर सफरचंदाच्या रसापासून. दोन्हींत माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) नसते आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) सहसा नसतात. बिअरच्या टेस्टिंगमध्ये त्यांचा समावेश असेल तर त्या शेवटी घ्याव्यात, कारण त्यांच्या आंबट-गोड चवीनंतर साधी लागर पाण्यासारखी लागते.

टेस्टिंगचे तिकीट काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. किती बिअर आणि प्रत्येकी किती मिलि? बनवणारा स्वतः हजर राहणार आहे का? त्यांतली एखादी तरी बिअर एरवीच्या मेन्यूवर नसलेली आहे का? खाणे आणि कर धरून रक्कम किती? ‘दोन तास अमर्याद बिअर’ अशी जाहिरात असेल तर ती पार्टी आहे. पार्टीला जाण्यास हरकत नाही, पण तिथे दुर्मिळ काही मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. याउलट, पाहुण्या ब्रुअरीच्या बिअर एका संध्याकाळपुरत्या टॅपवर चढवल्या जातात त्या ‘टॅप टेकओव्हर’ची खबर लागली तर इतर बेत रद्द करावेत, कारण तिथे दोन-तीन केग (बिअरची पिंपे) येतात आणि नऊ वाजेपर्यंत रिकामे होतात.

कॅलेंडर न पाहणे महागात पडते. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्समुळे कडवट झालेली बिअर) दिन आणि नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी स्टाउट दिन असतो. काही ब्रुअरी आपले प्रयोग या दिवसांसाठी राखून ठेवतात. ऑक्टोबरफेस्टच्या नावाने फसणाऱ्यांसाठी सांगायचे तर म्युनिचचा उत्सव सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपतो, तेव्हा मार्झन किंवा फेस्टबिअर ही त्या उत्सवातली बिअर हवी असेल तर गणपती उठल्यावर लगेच चौकशीला लागावे. गणेशोत्सवातील स्थापना आणि विसर्जनाचे दिवस, आषाढी एकादशी, गांधी जयंती आणि मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास या काळातील ड्राय डेचे आदेश तपासल्याशिवाय मात्र कोणतेही बुकिंग करू नये. पुण्यात एकेका पोलीस ठाण्याच्या हद्दीनुसारही आदेश बदलतात.

आता प्रत्यक्ष चाखण्याविषयी, कारण सर्वाधिक नासाडी तिथेच होते. चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे असावा: आधी लागर, मग गव्हाची बिअर, मग आंबट बिअर, मग आयपीए आणि सरतेशेवटी स्टाउट. ‘आधी भारीतली घेऊ’ या उत्साहात पहिल्यांदा आयपीए घेतली की हॉप्सचा कडवटपणा जिभेवर बसतो आणि नंतरच्या दोन ग्लासांबद्दल काहीही बोलण्याचा अधिकार उरत नाही. दुसरा शत्रू म्हणजे मसाला पापड. कांदा, हिरवी मिरची, चाट मसाला आणि वर लिंबू अशी फौज तोंडात उतरल्यावर गव्हाच्या बिअरमधील लवंगेचा वास कोणाच्या नाकाला सापडणार? टेस्टिंग होईपर्यंत साधा पाव आणि पाणी पुरे. चखणा नंतर खुशाल मागवावा. अत्तर किंवा डिओडरंट मारून जाणाऱ्यांनी शेजाऱ्याचाही विचार करावा.

स्टाउट आला की तो लगेच पिऊ नये. आपल्याकडे सगळे काही बर्फासारखे थंड हवे असते, आणि लागरच्या बाबतीत ४ ते ७ अंश ठीकच आहे, पण १० ते १३ अंशांखाली स्टाउट जवळजवळ मुका असतो. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच-सात मिनिटे थांबले की आधी भाजलेल्या माल्टचा, मग कॉफीचा आणि शेवटी डार्क चॉकलेटचा वास वर येतो.

चव बिघडली आहे की ती तशीच असते, हा नवख्यांचा नेहमीचा संभ्रम. हेफेवाइझनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास आला तर तो दोष नव्हे. तो त्या प्रकारच्या यीस्टचा गुण आहे आणि त्यासाठी केळे घातलेले नसते. बेल्जियन विटमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच असतात. लागरला लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास येत असेल, तर एक तर बिअर पुरेशी मुरलेली नाही किंवा टॅपच्या नळ्या धुतलेल्या नाहीत. त्याच जागी दोन वेगवेगळ्या बिअरना तोच वास आला तर संशय नळ्यांवर घ्यावा. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास बहुतेकदा घाईने काढलेल्या बिअरचा असतो, आणि उकडलेल्या मक्याचा वास वर्ट, म्हणजे आंबवण्यापूर्वीचे माल्टचे पाणी, पुरेसा न उकळल्याचे सांगतो. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर जुनी झाली किंवा तिला हवा लागली. हिरव्या अथवा पारदर्शक बाटलीतील बिअरला उग्र, कुबट दर्प येत असेल तर तिच्यावर ऊन किंवा दुकानातील ट्यूबलाइटचा उजेड पडलेला असतो. आंबट बिअर मागवून ती आंबट आहे म्हणून परत करणारेही आढळतात, त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

दोष बिअरवर ढकलण्यापूर्वी ग्लास पाहावा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुड्यांचे ठिपके एकाच जागी चिकटून राहिले असतील तर तिथे तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे वर जातात आणि घोटागणिक फेसाची जाळीदार वलये मागे राहतात. असा ग्लास आला तर वाद घालू नये. “दादा, ग्लास बदलून द्या, आणि ही बॅच टॅपवर कधी चढली ते जरा विचारून सांगा,” एवढे म्हटले तरी पुढची बिअर बहुधा अधिक काळजीने येते. पूर्ण पाइंट मागवण्याआधी घोटभर नमुना मागण्यात संकोच बाळगू नये. चांगल्या ठिकाणी तो आनंदाने देतात.

फ्लाइटमधील, म्हणजे चाखण्यासाठी एकत्र दिलेल्या वेगवेगळ्या बिअरच्या संचातील, लहान ग्लास पाहून ‘यात काय चढणार’ असे वाटते. १५० मिलिचे सहा ग्लास म्हणजे ९०० मिलि. सरासरी ५ टक्के धरले तरी त्यात ४५ मिलि शुद्ध अल्कोहोल होते, म्हणजे आपल्याकडील ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे साधारण साडेतीन छोटे पेग. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. टेस्टिंगला गाडी नेऊच नये. वनाझ–रामवाडी मार्गावरील मेट्रो कल्याणीनगरला थांबते. मुंढव्याहून परतताना रिक्षा किंवा कॅबचा खर्च तिकिटाच्या हिशेबातच धरावा. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या अपघातानंतर राज्य उत्पादन शुल्क विभागाने अनेक पबवर कारवाई केली, तेव्हापासून वयाचा दाखला मागणेही वाढले आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. मद्यसेवनाचा परवाना जवळ असावा लागतो आणि तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आजीवन एकदा काढून ठेवणे सोयीचे.

राहता राहिली घरी नेण्याची बिअर. ग्राउलरमध्ये, म्हणजे टॅपवरून बिअर भरून नेण्याच्या मोठ्या बाटलीत, भरून दिलेली बिअर त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी, कारण भरतानाच तिच्यात हवा शिरलेली असते. कॅनमधील आयपीए विकत घेताना तळाची तारीख पाहावी आणि तीन महिन्यांहून जुना कॅन सवलतीत मिळत असला तरी तिथेच ठेवावा. वाढदिवसासाठी म्हणून कपाटात जपून ठेवलेली आयपीए वाढदिवसापर्यंत आयपीए राहत नाही. गोव्याच्या ब्रुअरींचे कॅन तिथे स्वस्त मिळतात म्हणून डिकी भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो. परवान्याशिवाय ते महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि सावंतवाडीजवळच्या इन्सुली नाक्यावर तपासणी होते. तिथून सुटले, तरी मे महिन्यात दहा-बारा तास डिकीत तापलेले ते कॅन पुण्यात उघडल्यावर पुठ्ठ्याचीच चव देण्याची शक्यता अधिक. त्यापेक्षा ते गोव्यातच, थंड असताना पिऊन यावे.