लहान मुलांच्या इम्युनिटीच्या आजारांत करिअर करायचंय? एमबीबीएस ते डीएम, आणि रिसर्चची सुरुवात

दर काही दिवसांनी एखाद्या ज्युनिअरचा मेसेज येतोच, की मॅडम मला पीडियाट्रिक इम्युनॉलॉजीत जायचंय, कोणती परीक्षा द्यायची, किती वर्षं लागतात, रिसर्च कुठून सुरू करायचा. प्रत्येकाला वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. परीक्षांचं सांगतेच, पण आधी एक केस सांगते, कारण या फिल्डमधला रिसर्च डीएमच्या (एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीच्या) सीटवर सुरू होत नाही, तो वॉर्डात हातात असलेल्या साध्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, सुरू होतो.

मी रेसिडेंट असताना एक चार महिन्यांचं बाळ आलं होतं. डाव्या दंडावर जिथं बीसीजी, म्हणजे टीबीची लस, देतात तिथं पू वाहत होता, काखेत गाठ, जुलाब थांबत नव्हते, वजन जन्मापासून जेमतेम किलोभर वाढलेलं, आणि ही तिसरी ॲडमिशन. सीबीसीत टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, ६,०००, त्यात लिम्फोसाइट (इम्युनिटीच्या महत्त्वाच्या पेशी) २२ टक्के. रिपोर्टवर एकाही आकड्यापुढं स्टार, म्हणजे नॉर्मलच्या बाहेर असल्याची खूण, नव्हता म्हणून आम्ही सगळे पुढं गेलो, बाळ न्यूमोनियात गेलं. नंतर कागद घ्यायला आलेली आई सहज बोलली, माझा भाऊपण असाच गेला होता, तीन-चार महिन्यांचा असताना. आम्ही तिघांनी तीन वेळा हिस्ट्री घेतली होती आणि एकानंही मामाचं विचारलं नव्हतं.

आता तो रिपोर्ट परत बघा. ६,००० चे २२ टक्के म्हणजे १,३२०. लॅबनं छापलेली नॉर्मल रेंज होती १,००० ते ४,०००, म्हणजे मोठ्या माणसाची. तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, ३,००० च्या खाली आले की स्किडचा, म्हणजे सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सीचा, संशय घ्यायचाच. अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत लसच आजार होऊन बसते, आणि आपल्याकडं बीसीजी जन्मल्या जन्मल्या देतात, म्हणजे निदानाच्या आधीच. तर पहिली सवय ही लावून घ्या, प्रत्येक तान्ह्या बाळाच्या सीबीसीत टक्के बघून सोडायचं नाही, गुणाकार करायचा. अर्धं मिनिट लागतं.

आता परीक्षांचं. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेजला असाल तर वर्षाचा बॉण्ड धरून चला, मग नीट-पीजी देऊन पीडियाट्रिक्समध्ये एमडी किंवा त्याच्या बरोबरीचं डीएनबी, तीन वर्षं. त्यानंतर सुपरस्पेशालिटी, अजून तीन. चंदीगडच्या पीजीआयला लहान मुलांच्या इम्युनॉलॉजी आणि रुमॅटॉलॉजीचं (सांध्यांच्या आणि तशा आजारांचं) वेगळं डीएम आहे, तिथला प्रवेश आयएनआय-एसएस, म्हणजे एम्स-पीजीआयसारख्या संस्थांच्या वेगळ्या सुपरस्पेशालिटी परीक्षेतून होतो, बाकी कॉलेजांच्या नीट-एसएस मधून नाही, आणि या दोन परीक्षांच्या फॉर्मच्या तारखा वेगळ्या असतात, यात दरवर्षी कोणीतरी चुकतं. क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि रुमॅटॉलॉजीचं डीएम लखनऊच्या एसजीपीजीआयला, वेल्लोरच्या सीएमसीला वगैरे आहे, पण तिथं मोठ्या माणसांचे पेशंट जास्त. सीटा मुळात थोड्या आहेत, पहिल्या झटक्यात नाही मिळाली तर खचू नका, ते वर्ष एखाद्या इम्युनॉलॉजी युनिटमध्ये सीनिअर रेसिडेंट म्हणून किंवा प्रोजेक्टवर काढा, ते वाया जात नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडं परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथं डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या टीमनं या आजारांच्या निदानाचं मोठं काम केलंय, आणि जवळच वाडिया हॉस्पिटलमध्ये मुलांसाठी इम्युनॉलॉजीचं काम चालतं. चंदीगडला डॉ. सुरजित सिंग यांनी तर अख्खं युनिट उभं केलं. यांचे पेपर काढून वाचा, भारतातल्या मुलांमध्ये हे आजार कसे दिसतात ते परदेशी पुस्तकात तेवढं सापडत नाही, टीबी आणि बीसीजी तिकडं आपल्यासारखे नाहीत ना.

एमडीचा थेसिस ही तुमची खरी पहिली संधी. बहुतेकजण सोपा विषय घेऊन मोकळे होतात, तुम्ही तसं करू नका. खूप भारी जेनेटिक्सपण नको, पैसे कुठून आणणार. तुमच्या वॉर्डात वर्षात वारंवार न्यूमोनियानं ॲडमिट होणारी किती मुलं येतात, त्यात किती जणांचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी, कधी तपासलंच नव्हतं, एवढा प्रश्नही पुरतो. सिनॉप्सिस, म्हणजे थेसिसचा आराखडा, युनिव्हर्सिटीला जायच्या आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि लहान मुलांवरचा अभ्यास असेल तर नुसती आईवडिलांची सही चालत नाही, आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणं ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती आणि १२ ते १८ ची लेखी संमती घ्यावी लागते. सात वर्षांच्या पोराशी खाली बसून त्याच्या भाषेत बोला, सुई किती वेळा टोचणार ते खरं सांगा.

हिस्ट्रीत फॅमिली ट्री काढायचीच. स्किडचे काही प्रकार, ब्रूटनचा आजार (यात अँटिबॉडी बनत नाहीत), विस्कॉट-ऑल्ड्रिच (यात प्लेटलेट आणि इम्युनिटी दोन्ही कमी) हे एक्स-लिंक्ड, म्हणजे आईकडून मुलग्यांत येणारे, म्हणून मामा, आईचे मामा, मावशीची मुलं, यातलं कोणी लहानपणी गेलं का ते विचारा. आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं चालतं, तेव्हा नवराबायको नात्यातले आहेत का हेही विचारा, ऑटोसोमल रिसेसिव्ह, म्हणजे आईवडील दोघांकडून बिघडलेला जीन आला तर होणारे, आजार तिथं वर येतात. पण विचारताना सासूसमोर नको, आईला एकटीला बसवून विचारा. एकदा घरात कळलं की "आजार तिच्याकडून आला" तर त्या बाईचं काय होतं ते मी बघितलंय, म्हणून मी प्रत्येक वेळी घरच्यांना एकत्र बसवून सांगते की जीन कोणी निवडून देत नाही.

सॅम्पल पाठवायचं शिका, कारण यातच अर्धे रिपोर्ट फुकट जातात. लिम्फोसाइट सबसेटसाठी (लिम्फोसाइटचे प्रकार मोजायला) जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजचा (यात पांढऱ्या पेशींना जंतू मारता येत नाहीत) संशय असेल तर डीएचआर टेस्टसाठी हिरव्या टोपणाची हेपॅरिन, आणि बर्फात ठेवायचं नाही, पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, रूम टेम्परेचरलाच पाठवायचं. डीएचआरबरोबर एका निरोगी माणसाचं सॅम्पलही त्याच डब्यातून जातं, म्हणजे प्रवासात पेशी मेल्या का आजारामुळं टेस्ट बिघडली ते कळतं. आम्ही बाळाच्या काकांना रात्रीच्या एसटीत बसवून डबा परळला पाठवायचो, एक ट्यूब बाळाची आणि एक त्याच काकांची, सकाळी लॅब उघडताना ते दारात. आणि इम्युनोग्लोब्युलिनचं सॅम्पल आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडी) द्यायच्या आधी घ्या, नंतर घेतलं तर दात्यांचं आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, मोजाल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आयजीजी बरंचसं आईचंच असतं, त्यामुळं नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

एका केसनं काय होतं असं वाटेल, तर ऑग्डन ब्रूटनचं बघा. अमेरिकन आर्मीच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलमधले ते डॉक्टर, ८ वर्षांचा एक मुलगा पुन्हा पुन्हा न्यूमोकोकस जंतूनं आजारी पडायचा, त्यांनी त्याच्या रक्तातले प्रोटीन तपासले तर गॅमा ग्लोब्युलिनच (ज्यात अँटिबॉडी असतात) नव्हतं, बाहेरून ते टोचलं आणि मुलगा सावरला. १९५२ ला एका पेशंटवर पेपर लिहिला, जीन सापडायला १९९३ उजाडलं. आणि मोठ्या आकड्यांचं काम एकट्यानं होत नाही, अमेरिकेत २५ सेंटरनी २००० ते २००९ मधल्या स्किडच्या २४० बाळांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की साडेतीन महिन्यांच्या आत स्टेमसेल ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनी जिवंत होती. म्हणून तुमची एक्सेल शीट पहिल्या पेशंटपासून नीट ठेवा, जन्मतारीख, पहिल्या इन्फेक्शनचं वय, लसींच्या तारखा, फोन नंबर दोन, एक शेजाऱ्याचा. उद्या कोणी मल्टिसेंटर स्टडी काढली तर तुमची आठ मुलं त्यात जातील.

अमेरिकेला जायचं असेल तर वाट अशी, यूएसएमएलई (तिकडची लायसन्सची परीक्षा), ईसीएफएमजी सर्टिफिकेट (बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरांसाठीचं), पीडियाट्रिक्सची तीन वर्षांची रेसिडेन्सी, अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्सची परीक्षा, मग दोन वर्षं ॲलर्जी-इम्युनॉलॉजी फेलोशिप आणि त्यांच्या बोर्डाची परीक्षा. हा दुसरा बोर्ड १९७१ चा, पीडियाट्रिक्स आणि मेडिसिनच्या बोर्डांनी मिळून काढलेला, त्यामुळं तिथं मुलं आणि मोठे दोन्ही शिकावे लागतात. तिकडं सर्टिफिकेट एकदा मिळालं की संपलं असं नाही, ते टिकवायला प्रश्न सोडवत राहावे लागतात, आणि मला ती पद्धत मनापासून पटते, कारण या विषयात आजारांची यादी आता ५०० च्या वर गेलीय.

इथं काय करायचं ते लक्षात ठेवा, डीएमचं सर्टिफिकेट हातात आलं की महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडं ॲडिशनल क्वालिफिकेशन नोंदवून घ्या, त्याशिवाय दवाखान्याच्या पाटीवर लिहू नका, आणि रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करताना ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते शेवटच्या महिन्यात गोळा करत पळू नका. ऑनलाइन छोटे फेलोशिप कोर्स शिकायला घ्या, जरूर घ्या, पण असा प्रत्येक कोर्स नोंदवता येतो असं नाही, पैसे भरायच्या आधी विचारा.

पैशांचंही घरच्यांना सांगता आलं पाहिजे. २०२१ च्या रेअर डिसीज पॉलिसीत स्किड, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, विस्कॉट-ऑल्ड्रिच हे ट्रान्सप्लांटनं बरे होणाऱ्या गटात आहेत, ठरलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्समधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईत केईएम त्यात आहे. फॉर्म भरायला सोशल वर्करला गाठा, तुम्ही स्वतःही एकदा भरून बघा.

आणि ज्या घरातलं बाळ गेलंय त्यांची फाइल बंद करू नका. त्या आईला पुन्हा दिवस गेले की आधी तुम्हाला फोन करायला सांगा. डिलिव्हरीच्या वेळी लेबर रूमला हजर राहा किंवा कोणाला तरी पाठवा, नाळेतलं रक्त जांभळ्या ट्यूबमध्ये घ्या, सीबीसी आणि सबसेट त्याच दिवशी, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळाच्या कागदावर लाल पेननं मोठ्या अक्षरांत लिहा, बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नका. सिस्टरला तोंडीही सांगा, ड्युटी बदलली की परत सांगा.