आगोटीच्या कामांत फोटोंचा बॅकअप पण धरा, आणि या चुका टाळा

मे महिना लागला की आपल्याकडे कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं सुरू होतात, कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी, मसाला, पापड डब्यात भरायचे. कम्प्युटरमधले फोटो मात्र कोणाच्याच यादीत नसतात. आमच्या पण नव्हते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमचा कम्प्युटर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पाणी उतरल्यावर ड्रॉवर ओढतोय तर प्लाय फुगल्यामुळे निघेचना, शेवटी स्क्रूड्रायव्हर घालून काढला, आत बोटभर चिखल आणि त्यात डिस्क. आजीच्या शेवटच्या गणपतीचे फोटो त्यातच होते. मग घाईघाईत पंख्याखाली वाळवून लॅपटॉपला लावली, दोनदा कर्र आवाज आला आणि खेळ संपला.

यात दोन चुका झाल्या. बॅकअप त्याच घरात, तेही त्याच टेबलात ठेवला, म्हणजे पूर आला, आग लागली किंवा चोरी झाली तर दोन्ही कॉप्या एकदमच जाणार. आणि भिजलेली डिस्क चालू केली. हे कृपा करून कोणी करू नका. वरून कोरडी दिसली तरी आत ओल आणि गाळ असू शकतो, तबकडी फिरायला लागली की त्यावर ओरखडे पडतात आणि जे वाचण्यासारखं होतं तेही जातं. हेअर ड्रायर नको, तांदळात पुरणं नको, उघडून पुसणं तर नकोच. तशीच पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डी ड्राइव्हमध्ये कॉपी ठेवून निर्धास्त बसणारे खूप जण आहेत. अहो, घरच्या बहुतेक कम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले.

आता गूगल फोटोजचं. चांगलं आहे, मी पण वापरतो, पण तो सिंक आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. ॲपमधून फोटो डिलीट केला की क्लाउडवरून पण जातो, बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो आणि मग कायमचा गेला. फोनमधली जागाच मोकळी करायची असेल तर त्यासाठी ॲपमध्ये वेगळं बटण आहे, ते वापरा. शिवाय १ जून २०२१ पासून अनलिमिटेड फुकट बंद झालंय, १५ जीबी मिळतात आणि त्यातच जीमेल आणि ड्राइव्ह पण आलं. जागा भरली की नवीन फोटो चढायचे थांबतात, नोटिफिकेशन येत राहतं आणि आपण ते बोटाने सरकवत राहतो. त्यामुळे महिन्यातून एकदा शेवटचा चढलेला फोटो कुठल्या तारखेचा आहे ते बघा.

व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमध्ये टाकलेले फोटो म्हणजे पण बॅकअप नाही, क्वालिटी उतरते आणि फोटो काढल्याची तारीख-वेळ फाइलमधून निघून जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

डिस्कवर फोटो टाकताना कट-पेस्ट कधीच करू नका. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, मधेच गेली तर काही फोटो इकडे, काही तिकडे आणि काही अर्धवट. कॉपी करा, दोन्हीकडच्या फोल्डरची साईझ जुळवा, चार फोटो उघडून बघा, मगच जुने काढा. आणि काम झालं की डिस्क सेफली रिमूव्ह करून काढूनच ठेवा. पावसाच्या तोंडावर जो कडकडाट होतो त्यात प्लगला लावलेलं सगळंच धोक्यात असतं, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेली डिस्क पण लॉक करतो. ठेवायची कुठे, तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. खाऱ्या दमट हवेत यूएसबीच्या पिना गंजतात, जुन्या लग्नाच्या सीडींना बुरशी धरते ती याच हवेने.

थोडं अडचणींचं. डिस्क लावल्यावर "फॉरमॅट करा" असा मेसेज आला तर आधी कॅन्सल दाबा, मग दुसरी केबल, दुसरा पोर्ट बघा, मॅकवर वापरलेली डिस्क विंडोजला लावली तरी हा मेसेज येऊ शकतो. जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ "फाइल मोठी आहे" म्हणून जात नसेल तर पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एक्सफॅट करून घ्या, पण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं म्हणून आतलं आधी बाहेर काढा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद, परत परत लावून बघू नका. आणि कवडीमोल भावात २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतोय म्हणून घेऊ नका, तो दाखवतो तेवढी जागा आत नसते, भरत गेलात की फाइली खराब होतात.

पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ नियम आहे, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. घराबाहेरची कॉपी आपल्याला सोपी आहे, प्रत्येकाचं कोणीतरी मुंबईला असतंच. आम्ही आता दोन डिस्क केल्यात. गणपतीला काका येतात तेव्हा ताजी डिस्क त्यांच्यासोबत जाते आणि त्यांच्याकडची परत येते, शिमग्याला पुन्हा अदलाबदल. सातबारा, आधारचे स्कॅन असतील तर पासवर्ड लावून झिप करा आणि तो पासवर्ड घरातल्या अजून एकाला तरी माहीत असू दे.

परत आलेली डिस्क नुसती डब्यात ठेवत नाही, दुसऱ्याच लॅपटॉपला लावून कुठलाही एक फोल्डर उघडतो. या खेपेला २०१९ च्या शिमग्याचा उघडला, पालखी नाचवतानाचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, ढोल नीट ऐकू आले, मग डब्याचं झाकण लावलं.