रोज जीव तोडून पळताय? या चुका टाळा

गणपती संपले की शिवाजी पार्कात आणि मरीन ड्राइव्हवर पहाटेची गर्दी वाढते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झालेली असते. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यातले बरेच जण नडगीवर बर्फ धरून घरी बसतात. पहिल्या वर्षी मीही बसले. आठवड्यातून पाच दिवस पळायचे आणि पाचही दिवस कालच्यापेक्षा वेळ कमी करायचा हट्ट धरायचे. सातव्या आठवड्यात उजवी नडगी अशी धरली की जिना उतरता येईना. नाव नोंदवलेलं असूनही त्या जानेवारीत मी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोजचं पळणं मी शर्यत समजत होते. धाप लागली नाही तर व्यायाम झालाच नाही, असं वाटायचं. प्रत्यक्षात दम टिकवणारे बदल सावकाश पळतानाच मोठ्या प्रमाणावर घडतात: स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबीचं इंधन नीट वापरायला शिकतं. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल वल्हवणारे (रोअर), बर्फावर स्की करणारे आणि धावपटू यांचा सराव तपासला, तेव्हा त्यातली साधारण ८० टक्के सत्रं हलक्या वेगाची निघाली. केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे याने २०२२ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, म्हणजे किलोमीटरला जेमतेम २ मिनिटं ५२ सेकंद. त्याचं रोजचं हलकं पळणं मात्र किलोमीटरला चार मिनिटांहून सावकाश असतं. आपण हौशी माणसं रोज आपल्या शर्यतीच्या वेगाने पळायला जातो, हे मला आता खरंच खटकतं.

वेग हलका आहे की नाही, हे कळायला घड्याळ लागत नाही. सोबत कुणी असेल तर पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटे असाल तर सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’लाच श्वास तुटला तर वेग कमी करा, लागलं तर चाला. आठवड्यातला एक दिवस जोरात पळायला ठेवा, पुरेसा होतो.

दुसरी चूक छातीवर विश्वास ठेवण्याची. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडांना आणि स्नायू हाडांना जोडणाऱ्या टेंडनना महिने लागतात. त्यामुळे साधारण दुसऱ्या महिन्यात ‘आता दम लागत नाही’ म्हणून आपण अंतर वाढवतो आणि नेमकी तेव्हाच नडगी बोलायला लागते. अंतर थोडं थोडं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला ते पाऊण करा. तो हलका आठवडा बहुतेकांना वाया गेल्यासारखा वाटतो आणि पहिला तोच गाळला जातो. मीही गाळायचे.

दुखणं ओळखायलाही शिका. नडगीच्या आतल्या बाजूला लांबट पट्ट्यात ठणकत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर काही दिवस पळणं थांबवून सायकल किंवा पोहणं धरा. पण एकाच ठिकाणी बोटाने दाबल्यावर कळ जात असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा मलम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग पडला म्हणून घाबरू नका. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. वेग उतरू द्या.

आणि बुडालेले दिवस भरून काढू नका. तापामुळे आठवडा गेला तर शनिवार-रविवारी तीस किलोमीटर एकदम उरकायचा मोह होतो. ते अंतर सोडून द्या. ताप उतरून अंगातली कणकण पूर्ण गेल्यावर दोन दिवस नुसतं चाला, मग पूर्वीच्या निम्म्या अंतराने सुरू करा. सकाळी उठल्याबरोबर नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली, तर त्या दिवशी बूट कपाटातच राहू द्या.