शांतिसेनेची मोहीम उभारणारा अधिकारी व्हायचे असेल तर

देवळाली कॅम्पच्या रस्त्यावर लष्करी ट्रकांच्या रांगा पाहत वाढलेल्या नाशिकच्या मुलांना सैन्याची ओढ शिकवावी लागत नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाण्यासाठी कोणालाही परस्पर अर्ज करता येत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. आधी भारतीय सैन्यात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळवावे लागते, काही वर्षे पलटणीत घालवावी लागतात आणि त्यानंतरच अशा नेमणुकीसाठी विचार होतो.

बारावीच्या टप्प्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची आणि पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा देता येते. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेला ९०० आणि सेवा निवड मंडळाच्या चाचणीलाही ९०० गुण असल्यामुळे नुसत्या गणितावर विसंबून चालत नाही. या चाचणीची मोफत तयारी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात करून घेतली जाते, तेव्हा महागड्या क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही नाशिकमध्येच आहे.

मोहिमेची उभारणी म्हणजे मुख्यतः कागद, वजन आणि वेळ यांचे काम होय. सुरक्षा परिषदेच्या ठरावात सैनिकांनी काय करायचे आणि बळाचा वापर कुठवर करायचा याची मर्यादा ठरते. अधिकाऱ्याने तो ठराव इतका वाचलेला असावा की रात्री दोन वाजता नाक्यावरून आलेल्या प्रश्नाला त्यातूनच उत्तर देता यावे. तुकडी आपली वाहने, तंबू, जनरेटर घेऊन जाते, संयुक्त राष्ट्रे त्यांचा परतावा देतात, आणि त्यासाठी वेळोवेळी तपासणी होते. समजा, जनरेटर पांढरा रंगवून, क्रमांक नोंदवून कंटेनरमध्ये चढवला, पण त्याचे फिल्टर मागे राहिले. मग दक्षिण सुदानच्या चिखलात तो बंद पडतो, दवाखान्याचा फ्रीज थांबतो आणि नादुरुस्त यंत्राचा परतावाही बुडतो. सिंहस्थात पाणी, रस्ते आणि रुग्णवाहिका यांची आखणी कशी होते, हे ज्याने रामकुंडाच्या गर्दीपलीकडे जाऊन पाहिले असेल, त्याला या कामाचा स्वभाव लवकर उमगेल.

वरच्या पदांवर मुत्सद्देगिरीही लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले, तेव्हा एकमेकांशी लढणाऱ्या पक्षांशी बोलणी करणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता.

दिल्लीतील शांतिसेना प्रशिक्षण केंद्राचे वर्ग पुढे होतीलच, परंतु दोन गोष्टी आजच हाती घ्याव्यात. इंग्रजीत नेमका अहवाल लिहिण्याचा सराव ठेवावा आणि जमल्यास कांगोसाठी उपयोगी पडणारी फ्रेंच शिकावी. दुसरे म्हणजे गाडी. निःशस्त्र लष्करी निरीक्षकाला आपली जीप स्वतः हाकावी लागते आणि ती चालवण्याची परीक्षाही होते, म्हणून परवाना काढल्यावर हातगिअरची गाडी पेठ-हरसूलच्या ओल्या रस्त्यांवर, शेजारी जाणता चालक बसवून, चालवून पाहावी.