रॉबर्ट बोल्टचा अभ्यास कसा करावा: नाटकाकडून पटकथेकडे

रॉबर्ट बोल्ट या इंग्रज नाटककाराचा आणि पटकथाकाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने त्याच्या जन्मापासून सुरुवात न करता ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ या नाटकापासून करावी. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत राजाच्या मर्जीची शपथ घेण्यास नकार देणारा आणि त्यासाठी 1535 मध्ये शिरच्छेद पत्करणारा सर थॉमस मोर हा या नाटकाचा नायक आहे. बोल्टने हा विषय 1954 मध्ये बीबीसी रेडिओसाठी, 1957 मध्ये दूरचित्रवाणीसाठी, 1960 मध्ये लंडनच्या रंगमंचासाठी आणि शेवटी 1966 च्या चित्रपटासाठी लिहिला. एकाच लेखकाने एकच विषय चार माध्यमांत हाताळल्याचे असे उदाहरण विरळा आहे, म्हणून अभ्यासाची सुरुवात येथूनच करणे मला सर्वांत फलदायी वाटते.

प्रथम छापील नाटक वाचावे, मात्र त्याची प्रस्तावना तूर्त बाजूला ठेवावी. वाचताना ‘कॉमन मॅन’ या सूत्रधारावर लक्ष ठेवावे. तो कपड्यांची पेटी घेऊन प्रेक्षकांशी बोलतो, एकेक वेश चढवतो आणि मोरचा कारभारी, नावाडी, गुत्तेवाला, तुरुंगाचा पहारेकरी, पंचांचा म्होरक्या आणि अखेर जल्लाद होतो. तो प्रत्येक वेश कोणत्या क्षणी आणि कोणत्या सबबीवर स्वीकारतो, याची टिपणे काढावीत. आरंभी मोरची चाकरी करणाराच शेवटी कुऱ्हाड उचलतो, ही गोष्ट एका नटाच्या देहातूनच पटते. केवळ कथानकाचा सारांश वाचून ती हाती लागत नाही.

त्यानंतर फ्रेड झिनमनने दिग्दर्शित केलेला चित्रपट पाहावा. मोरची भूमिका रंगमंचाप्रमाणे येथेही पॉल स्कोफिल्डनेच केली असल्यामुळे तुलना सोपी होते. चित्रपटात सूत्रधार नाही. त्याच्या भूमिका वेगवेगळ्या नटांना वाटून दिल्या आहेत आणि त्यामुळे प्रेक्षकावर येणारी जबाबदारी निश्चितच सैल झाली आहे. या तोट्याच्या मोबदल्यात बोल्टने काय मिळवले, हे शोधणे हा या पायरीचा गाभा आहे. त्यासाठी राजा नावेतून मोरच्या घरी येतो तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा. हेन्री नावेतून उडी टाकतो आणि चिखलात रुततो. तो हसेपर्यंत एकाही दरबाऱ्याची हसण्याची छाती होत नाही, आणि तो हसताच सगळे चिखलात उतरतात. नाटकात जे काम संवादांना करावे लागले असते, ते येथे जवळजवळ शब्दांवाचून झाले आहे.

प्रस्तावना आता वाचावी. मानवी आवाक्यापलीकडच्या सर्व गोष्टींसाठी आपण समुद्राची आणि पाण्याची प्रतिमा वापरली, तर समाजासाठी कोरड्या जमिनीची, असे बोल्ट तेथे सांगतो. मग शपथेविषयीचे मोरचे बोलणे पुन्हा वाचावे: शपथ घेणारा माणूस स्वतःलाच ओंजळीत पाण्यासारखे धरतो, आणि बोटे उघडली तर स्वतः पुन्हा सापडण्याची आशा त्याने धरू नये. नाटकातली ही प्रतिमा चित्रपटात टेम्स नदीच्या रूपाने डोळ्यांसमोर वाहते.

चरित्राकडे यानंतर वळावे. बोल्टचा जन्म 1924 मध्ये मँचेस्टरजवळच्या सेल येथे झाला. तारुण्यात तो काही काळ कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. सॉमरसेटच्या मिलफील्ड शाळेत त्याने इंग्रजी शिकवले. 1957 च्या ‘फ्लॉवरिंग चेरी’ या नाटकाच्या यशानंतर तो पूर्णवेळ लेखक झाला. एवढा तपशील पुरेसा आहे. खरा वेळ 1961 या वर्षाला द्यावा. अण्वस्त्रविरोधी निदर्शनांच्या संदर्भात तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्यासह अनेकांवर कारवाई झाली, तेव्हा शांततेचे हमीपत्र देण्यास बोल्टने नकार दिला आणि त्याला एक महिन्याची कैद झाली. त्या वेळी डेव्हिड लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटाचे काम चालू होते आणि पटकथा अपुरी होती. निर्माता सॅम स्पीगलच्या आग्रहापुढे नमून बोल्टने शिक्षा संपण्याआधीच त्या हमीपत्रावर सही केली आणि तो बाहेर आला. पुढे त्याला याचा पश्चात्ताप झाला. सही न करणाऱ्या मोरचे नाटक याच्या आदल्याच वर्षी रंगमंचावर आले होते, आणि त्याच वर्षीच्या ‘द टायगर अँड द हॉर्स’ या त्याच्या नाटकातही अण्वस्त्रविरोधी अर्जावर सही करावी की नाही हाच पेच आहे. म्हणून बोल्टची प्रत्येक कृती वाचताना एक प्रश्न जवळ बाळगावा: या माणसाकडे कशावर सही मागितली जात आहे, आणि ती कोण मागत आहे?

दिग्दर्शक डेव्हिड लीनसाठी लिहिलेल्या पटकथा हाच प्रश्न घेऊन पाहाव्यात. ‘डॉक्टर झिवागो’साठी त्याला ऑस्कर मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’च्या पटकथेसाठी दुसरे. बोल्टला 1979 मध्ये झालेल्या पक्षाघातानंतर प्रदर्शित झालेल्या ‘द मिशन’मध्ये (1986) आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांचा झगडा पुन्हा उभा राहतो, आणि पोपला पत्र लिहिणाऱ्या धर्माधिकाऱ्याच्या निवेदनात मला जुन्या सूत्रधाराचा पुनर्जन्म दिसतो.

‘लॉरेन्स’वर लिहिताना मात्र सर्व श्रेय बोल्टच्या पदरात टाकू नये. आधीचा मसुदा मायकेल विल्सनचा होता. मूळ श्रेयनामावलीत नसलेले त्याचे नाव अमेरिकेच्या लेखक संघटनेने 1995 मध्ये, म्हणजे बोल्टच्या निधनाच्या वर्षी, अधिकृतपणे जोडले. जुन्या प्रतींवर आणि जुन्या लेखांवर विसंबणाऱ्याने हा तपशील आवर्जून पडताळून घ्यावा.