आउट-ऑफ-स्टेट पब्लिक की छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज? आधी हिशोब असा मांडा

अमेरिकेत मूल हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत आलं की आपल्या लोकांत ठरलेली चर्चा सुरू होते, दुसऱ्या राज्यातली मोठी पब्लिक (सरकारी) युनिव्हर्सिटी परवडेल का, आणि कुणी छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजचं, म्हणजे पदवीपुरत्या, सगळ्या विषयांचं शिक्षण देणाऱ्या लहान, बहुतेकदा प्रायव्हेट कॉलेजचं नाव काढलं की "ते तर वर्षाला ८५-९० हजार डॉलर" म्हणून विषयच संपतो. तो तिथे संपवू नका. वेबसाइटवरचा आकडा दोन्हीकडे सारखा खरा नसतो. पब्लिकमध्ये बाहेरच्या राज्यातल्या मुलाला बहुतेक वेळा तोच भरावा लागतो, आणि बऱ्याच छोट्या प्रायव्हेट कॉलेजांत मात्र तो पूर्ण भरणारी मुलं कमीच असतात.

पब्लिक युनिव्हर्सिटीला राज्याचा पैसा मिळतो तो राज्यातल्या मुलांसाठी, बाहेरच्यांची फी हे तिचं उत्पन्न आहे, मग ती सूट कशाला देईल? कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बघा, २०२५-२६ ला नव्याने आलेल्या मुलाला फक्त बाहेरचा म्हणून ३७,६०२ डॉलर जास्त, आणि आपल्या खिशातून गरजेवरची ग्रांट (परत न करायची मदत) देणं तिने अशा मुलांसाठी २०१६ पासून बंदच केलं. अपवाद आहेत आणि तेच शोधायचे असतात. पर्ड्यूने २०१२-१३ नंतर ट्यूशन वाढवलेली नाही, अलाबामा युनिव्हर्सिटी मार्क आणि टेस्ट स्कोअर बघून बाहेरच्या मुलांनाही आपोआप मेरिट स्कॉलरशिप देते, आणि पश्चिमेकडच्या राज्यांत एकमेकांच्या मुलांसाठी डब्ल्यूयूई नावाची सोय आहे, त्यात ट्यूशन स्थानिक दराच्या जास्तीत जास्त दीडपट लागते. पण प्रत्येक कॉलेज, प्रत्येक मेजर (मुख्य विषय) त्यात नसतो, कम्प्युटर सायन्सवाल्यांनी हे आधी तपासा.

आता छोटी कॉलेजं. यात दोन जाती आहेत आणि आपली मंडळी इथेच गडबड करतात. विल्यम्स, अॅमहर्स्ट, बोडन यांसारखी कॉलेजं मदत देतात ती घरची गरज बघून, मूल कितीही हुशार असलं तरी मेरिटचा पैसा नाही. उत्पन्न कमी असेल तर ही कॉलेजं घरच्या राज्याच्या युनिव्हर्सिटीपेक्षाही स्वस्त पडू शकतात. पण आईवडील दोघंही आयटीत असतील तर बऱ्याचदा पूर्ण फी. त्यांच्या खालच्या पायरीवरची, म्हणजे डेनिसन, वूस्टर, लॉरेन्स असली कॉलेजं चांगल्या मुलांना मेरिट देतात, आणि मधल्या उत्पन्नाच्या घराला खरी तुलना करायची ती यांच्याशी. माझ्या मते आपल्यातल्या बहुतेक घरांच्या यादीत ही कॉलेजं नसतातच, याचं वाईट वाटतं.

सुरुवात नेट प्राइस कॅल्क्युलेटरपासून करा, तो घरची माहिती भरली की मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगतो, २०११ पासून तो प्रत्येक कॉलेजच्या साइटवर असणं कायद्याने बंधनकारक आहे. अकरावीतच भरा, अर्ज करायच्या आधी. मग कॉलेजच्या नावासोबत कॉमन डेटा सेट (कॉलेजने स्वतः जाहीर केलेली आकडेवारी) असं सर्च करा, त्यातल्या एच विभागात गरज नसलेल्या किती मुलांना सरासरी किती मेरिट मिळालं ते लिहिलेलं असतं, ब्रोशरपेक्षा ते बोलकं आहे. फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज, भरायचाच, पण बरीच प्रायव्हेट कॉलेजं स्वतःची मदत ठरवायला सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्जही मागतात आणि त्यात बरेचदा घराची इक्विटीही (किमतीतून कर्ज वजा जाता उरलेला हिस्सा) मोजतात. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असण्याचा फायदा फाफ्साच्या सूत्रातून २०२४-२५ पासून गेलाय, सीएसएसवाली अनेक कॉलेजं तो अजून धरतात. एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांना फाफ्साची केंद्रीय मदत नाही, आणि प्रायव्हेटमध्ये त्यांना बरेचदा इंटरनॅशनल धरतात, म्हणून प्रत्येक कॉलेजला मेल करून लेखी विचारा.

ऑफर लेटर आलं की त्यातला लोन आणि वर्क-स्टडीचा (शिकताना काम करून मिळवायच्या पैशाचा) आकडा खोडा, फक्त ग्रांट आणि स्कॉलरशिप वजा करा. आणि चार वर्षांचं गणित मांडा, एका वर्षाचं नाही. समजा पब्लिकचा वर्षाचा एकूण खर्च ६२ हजार डॉलर आणि सूट शून्य, छोट्या कॉलेजचा ८४ हजार आणि मेरिट ३६ हजार. दरवर्षी खर्च ४ टक्के वाढला आणि मेरिट तेवढंच राहिलं, बहुतेकदा ते तेवढंच राहतं, तर पब्लिक जवळपास २ लाख ६३ हजार आणि छोटं कॉलेज २ लाख १३ हजार. शेजारी तिसरा रकाना घरच्या राज्याच्या युनिव्हर्सिटीचा ठेवाच, ३२ हजारांनी सुरुवात धरली तर तो १ लाख ३६ हजारांवर थांबतो, आणि मग बाहेर जाण्यासाठी आपण नेमके किती जास्तीचे पैसे मोजतोय ते दिसतं.

मेरिट टिकवायला किती जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) लागतो ते विचारा. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचं क्रेडिट मोठ्या पब्लिकमध्ये सहसा सढळ हाताने मिळतं आणि एखादं सेमिस्टर वाचू शकतं, अनेक छोट्या कॉलेजांत नाही. इंजिनिअरिंगच हवं असेल तर छोट्यांत पर्याय मोजकेच आहेत, स्मिथ, लाफायेट, स्वार्थमोर वगैरे. "एक वर्ष राहून तिथला रेसिडेन्ट होईल" या भरवशावर मात्र जाऊ नका, आईवडील दुसऱ्या राज्यात असतील तर ते सहसा होत नाही.

उरलेल्या फरकासाठी कर्जाचा विचार असेल तर मुलाच्या नावावर केंद्रीय कर्ज चार वर्षांत मिळून २७ हजारच मिळतं, आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस (आईवडिलांच्या नावावरचं केंद्रीय कर्ज) घेणाऱ्यांना वर्षाला २० हजार, एका मुलामागे एकूण ६५ हजार एवढीच मर्यादा आहे.

पैशावर निर्णय अडणार असेल तर अर्ली डिसिजन (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं बांधून घेणारा लवकरचा अर्ज) टाळा, तिथे तुलनेला दुसरी ऑफर हातात नसते. आणि ऑफर कमी वाटली तर अपील करा, लाजू नका, प्रायव्हेट कॉलेजं बऱ्याचदा ऐकतात. दुसऱ्या तशाच कॉलेजचं लेटर जोडा, नोकरी गेली असेल किंवा आजारपणाचा खर्च असेल तर कागद जोडा, आणि हे सगळं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा, कारण १ मेला डिपॉझिट भरावं लागतं.